बूड नसलेलं तेल

वासाच्या खोलीत मी बावीस वर्षं काढली आहेत. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी आणि मी, एवढंच तिथलं सामान. साबण नाही, फुलं नाहीत, आणि लसूण खाऊन आलेल्या माणसाला आत प्रवेश नाही. एकदा आमच्या तेल-संस्थेच्या अध्यक्षांनाच मी दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून लोक म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असेल. संस्थेतली दीडशे घरं ह्याच नाकावर चालतात, तेव्हा त्यावर थोडा राग बसला तर कोणाचं काय गेलं?

इथल्या झाडून साऱ्या झाडांना नावं आहेत. ज्याच्यावर आम्ही जगतो त्याला मात्र आम्ही नुसतं ‘झाड’ म्हणतो. ते वर कड्यावर, खडकाच्या भेगांमध्ये उगवतं. उंची माणसाएवढी, अंग वाकडं, पानं जाड आणि वरून चकचकीत. त्याला कोणी लावलं नाही आणि कोणी पाणी घातलं नाही. पूर्वी लाकूडतोडे दुपारी त्याच्या सावलीत आडवे व्हायचे, कारण तिथे माश्या फिरकत नसत. मग कोणीतरी त्याची डहाळी कपड्यांच्या पेटीत ठेवली आणि त्या वर्षी लोकरीला कसर लागली नाही. त्यानंतर कोणा डोकेबाज माणसाने पाला हंड्यात भरला, खालून पाणी उकळलं, वर आलेली वाफ नळीने थंड पाण्यातून फिरवून आणली, आणि बरणीत पाण्यावर पिवळसर तेल तरंगायला लागलं. तो डोकेबाज माणूस आपलाच पूर्वज होता असं इथली निदान नऊ घरं सांगतात.

हे तेल आम्ही गुडघ्यांना चोळतो, सर्दीला वाफेत दोन थेंब टाकतो, पेट्यांना आतून पुसतो. मोची ते चामड्याला लावतो. पण आमचं पोट भरतं ते दूरच्या अत्तरवाल्यांमुळे. त्यांचे महागडे वास फार चंचल, घटकेत उडून जातात. आमच्या तेलाचे चार थेंब घातले की ते जागेवर बसतात.

आमच्याकडे वासाला डोकं, पोट आणि बूड असतं. कागदाच्या पट्टीवर तेल घेतलं की आधी येतं ते डोकं. ह्या तेलाचं डोकं हिरवं आणि तिखट आहे, हातात ओली काडी मोडल्यासारखं. पाव तासाने पोट येतं, त्यात मिरी आहे आणि थोडा लिंबाच्या सालीचा कडूपणा. बूड यायला तीन तास लागतात. ते उबदार आहे, कोरडं आहे, वर्षानुवर्षं बंद राहिलेला लाकडी खण उघडावा तसं, आणि अगदी तळाशी जुन्या मधाचा गोडवा. ते बूड दुसऱ्या दिवसापर्यंत पट्टीवर टिकतं. अत्तरवाल्यांना हवं असतं ते हेच. डोकं आणि पोट त्यांना कुठेही मिळतं.

आता माझ्या भावाबद्दल.

तो माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. बारा वर्षांपूर्वी आमची आत्या पाला काढताना कड्यावरून घसरली आणि दोन्ही गुडघे गमावून बसली. ती खाली आणली गेली त्याच्या आठव्या दिवशी धाकट्याने संस्थेकडे जमीन मागितली. रानातलं झाड तो बागेत लावणार होता. म्हणजे कोणाला कड्यावर चढायला नको, आणि वरची उरलीसुरली झाडं ओरबाडायला नकोत. सगळे हसले. संस्थेने भट्टीच्या मागचा ओसाड उतार त्याला बारा वर्षांच्या बोलीवर दिला, आणि लोकांनी त्याला नाव दिलं रोपट्या. पहिल्या वर्षी शंभरातली चार रोपं जगली. रोपट्याने मग खडक फोडून भेगा केल्या आणि त्या भेगांत रोपं लावली. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो सकाळी रोपांना पाणी घालून आला होता. नखांतली माती तशीच.

ह्या वर्षी बागेतला पाला तोडणीला आला. बारा वर्षांची मुदतही ह्याच महिन्यात संपत होती. अत्तरवाल्यांसाठी तेल नेणारा व्यापारी गाडी घेऊन आला तेव्हा संस्थेच्या बैठकीत साधा सोपा ठराव झाला. बागेचं तेल रानाच्या तेलासारखं असेल तर व्यापारी ते घेईल, कडा बंद होईल आणि बाग राहील. नसेल तर बाग तोडून त्या उतारावर इमारती लाकूड लावायचं. सारखं आहे की नाही हे कोण ठरवणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावाची परीक्षा बहिणीने घ्यायची हे मला पटलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं.

“तुम्ही खोटं बोललात तर मला तीन महिन्यांत कळेल,” व्यापारी म्हणाला. “पण तुम्ही बोलणार नाही.”

ह्या कौतुकाने मला गार केलं. माझं तोंड बंद करायला कौतुकासारखं औषध नाही.

परीक्षेची पद्धत जुनीच आहे. भट्टीवाले काका तीन पट्ट्या बुडवतात, दोन एका तेलात, एक दुसऱ्यात. पट्ट्यांवर पेन्सिलीने एक, दोन, तीन. कोणती कशातली ते काका त्यांच्या छोट्या वहीत लिहितात आणि वही खिशात ठेवून खिशाचं बटण लावतात. वेगळी पट्टी कोणती ते मी ओळखायचं. दोनदा परीक्षा, दोन दिवशी. मी दोन्ही वेळा ओळखलं, तर तेल वेगळं. माझं नाक हरलं, तर तेल एकच.

म्हणजे माझं नाक जिंकलं की माझा भाऊ हरणार होता. हे मला त्या सकाळी खुर्चीवर बसल्यावर नीट कळलं. खिडकीतून तो दिसत होता. बाहेरच्या बाकावर बसला होता आणि नवा सदरा घातला होता.

त्याने बागेच्या फाटकावर एक पाटी लावली होती, ‘तोडल्यापासून पाऊण तासात हंड्यात.’ त्या पाटीचा त्याला फार अभिमान. कड्यावरचा पाला दोन दिवसांच्या पायवाटेने यायचा, गोण्यांत चेपून, काळवंडून. ह्याचा पाला हिरवागार, कुरकुरीत. मीच त्याला म्हटलं होतं, अरे, तुझं तेल रानाच्या तेलाला मागे टाकेल.

डोकं तिन्ही पट्ट्यांना सारखं होतं. पोटही. अकराच्या सुमारास मला वाटायला लागलं की आज मी हरणार, आणि इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकले. मग एक वाजला. पहिली पट्टी उचलली, खण उघडला. तिसरी उचलली, खण उघडला. दुसरी उचलली आणि हाताला लागला नुसता कागद.

मी ती पट्टी अर्धा तास हातात धरून बसले. तीन नंबर, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. मग डोळ्यांसमोर तीन महिन्यांनंतरचं सगळं आलं. तेल परत आलं आहे, व्यापारी कायमचा गेला आहे, आणि दीडशे घरं रोपट्याच्या नावाने बोटं मोडत आहेत. खरं सांगायचं तर हेही नंतर सुचलं. त्या क्षणी एवढंच वाटलं की माझ्या तोंडून ते निघणार नाही.

“दोन नंबर,” मी म्हणाले. “बूड नाही.”

काकांनी खिशाचं बटण काढलं, वही पाहिली, “बागेचीच,” म्हणाले आणि ती परत ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, फक्त नंबर वेगळा. धाकटा तोपर्यंत बाकावरून उठून दारात आला होता.

“बावीस वर्षांत एकदा तरी चुकायचं होतंस, ताई,” तो म्हणाला आणि निघून गेला.

व्यापाऱ्याची गाडी भरायला आणखी दहा दिवस होते. तेवढे दिवस बाग उभी राहणार होती. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या दिवसांत धाकट्याने माझ्याशी बोलणं सोडलं. त्याला माझी शिडी हवी होती तर बायकोला पाठवलं, आणि शिडी माझ्या दारात, मी शिडीजवळ, हा कुंपणापलीकडे उभा राहून बायकोला सांगतोय, “तिला म्हणावं, उद्या परत करतो.” मी म्हटलं, “त्याला म्हणावं, पायऱ्या मोजून परत कर.” ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. घरात येऊन मी रडले. त्याचा राग खोटा असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मी आत्याकडे गेले. बागेच्या तेलाची नापास बाटली तशीच पडून होती, म्हटलं निदान तिच्या गुडघ्यांना लागेल. आत्या खिडकीशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. मी खाली बसून तेल तळहातावर घेतलं आणि तिचा डावा गुडघा चोळायला लागले. चोळून तापलेल्या अंगावर डोकं आणि पोट लवकर उडतं. अर्धा तास झाला असेल. आत्याने वाकून माझा हात नाकाशी नेला.

“रोपट्याचं का गं हे?”

“हो.”

“कच्चं आहे.”

“कच्चं कसं? काकांनी हंडा नेहमीएवढाच वेळ ठेवला होता. मी स्वतः उभी होते.”

“हंड्याचं नाही म्हणत मी. पाला कच्चा. ह्या पाल्याला गोणीत झोप मिळालेली नाही.”

मला वाटलं, म्हातारी आता भरकटायला लागली. मी तसं तोंड केलं असणार, कारण तिने माझ्या हातावर चापट मारली.

“तोंड कसलं करतेस? तीस वर्षं पाठीवरून वाहिलाय मी पाला. वाटेतल्या दगडी निवाऱ्यांत आमचे दोन मुक्काम पडायचे. गोण्या दाबून दाबून भरलेल्या. पहिल्या मुक्कामाला त्या गार असायच्या, हिरवट वास. दुसऱ्या मुक्कामाला आतून तापायच्या. अगं, थंडीत आम्ही बायका त्या गोण्यांना पाठ लावून झोपायचो. चूल नको की पांघरूण नको. आणि त्या वेळी त्यांना जो वास यायचा ना, जुन्या पेटीसारखा, तोच पुढे तेलात यायचा. ताज्या पाल्याला तो कुठून असणार?”

माझे हात तिच्या गुडघ्यावर तसेच थांबले. बावीस वर्षं मी त्या बुडाची राखण केली. ते झाडातून येतं, कड्यातून येतं, खडकातून येतं, असं येणाऱ्या प्रत्येकाला छातीठोकपणे सांगितलं. ते दोन दिवसांच्या पायवाटेतून येतं, गोणीत कोंडलेल्या उबेतून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. कारण मी त्या वाटेवर कधी चाललेच नव्हते. मी खोलीत बसत होते, गोण्या दाराशी येत होत्या.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“मला विचारलं कोणी? तुम्ही सगळे ताजं ताजं करत नाचत होता. मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, काहीतरी असेल.”

मी तशीच ओल्या हातांनी बागेत गेले. धाकटा झाडांच्या बुंध्यांवर चुन्याने फुल्या मारत होता. कोणती आधी तोडायची त्याच्या खुणा. मी सगळं सांगितलं. तो खाली बघून फुल्या मारत राहिला. माझं बोलणं संपल्यावर एवढंच म्हणाला, “ज्यासाठी मी मेलो, तेच चुकीचं होतं म्हणतेस.”

“पाटी चुकीची होती,” मी म्हणाले. “बाग नाही.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“आत्याने.”

माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण आत्याला नाही म्हणणारा अजून जन्मायचा आहे. संध्याकाळी तो तिला ढकलगाडीत बसवून भट्टीच्या गोदामात घेऊन आला. आत्या मधे उशी घेऊन बसली होती आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून गुडघ्यांची हकिकत सांगत होती. पाला तोडला. गोण्या भरल्या. आत्याने प्रत्येक गोणीवर काठी मारून पाहिलं आणि “अजून दाब, अजून दाब” म्हणत धाकट्याचा घाम काढला. मग गोण्यांची भिंत रचली आणि तिची खुर्ची त्या भिंतीला पाठ लावून ठेवली.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “गार.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं तर म्हणाली, “कोमट. घाई करू नका.” धाकटा फाटकापाशी येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या खुर्चीत बसली, पाठ मागे टेकली आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, डुलकी लागली.

“आता,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “बारा वर्षांनी पाठ शेकली माझी.”

गोण्या उघडल्या तेव्हा पाला मलूल आणि तपकिरी झाला होता. धाकट्याने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. बारा वर्षं जे जपलं ते असं काळवंडलेलं हंड्यात टाकताना त्याचे हात जड झाले होते. टाकलं मात्र त्यानेच, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

नवव्या दिवशी, व्यापाऱ्याच्या संमतीने, परत तीन पट्ट्या. व्यापारी आला, अध्यक्ष आले (लसूण न खाता), आणि बाहेरच्या बाकावर धाकटा आणि त्याच्या शेजारी ढकलगाडीत आत्या.

ती परीक्षा मला फार जड गेली. चुकण्याची इतकी इच्छा असताना बरोबर वास कसा घ्यायचा? इच्छा नाकात शिरते. म्हणून मी जास्तच कडक झाले. एरवी एक वाजता निकाल द्यायचे, त्या दिवशी चार वाजेपर्यंत बसले. तिन्ही पट्ट्यांचा खण उघडत होता. पण शेवटी शेवटी मला एक नंबर किंचित पातळ वाटली. मध कमी. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. म्हणजे परत ओळखलं मी, परत पाडलं त्याला.

“एक नंबर,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही.

काकांनी बटण काढलं. वही पाहिली. मग वही डोळ्यांजवळ नेली.

“तीन नंबर बागेची होती,” ते म्हणाले. “एक रानातली.”

“शक्य नाही,” मी म्हणाले.

“लिहिलंय इथे.”

“मग चुकीचं लिहिलंय. काका, तुमची पेन्सिल नीट उठत नाही, मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं. एकचा आकडा तुम्ही तीनसारखा काढता.”

“मी चाळीस वर्षं एकचा आकडा काढतोय.”

“तीन नंबरला मध जास्त आहे. रानाचंच असणार ते. द्या इकडे ती वही.”

मी वही ओढली. काकांनी धरून ठेवली. अध्यक्ष मधे पडले, त्यांना मी बाजूला केलं. व्यापारी भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होता. मी सांगितलं, हा निकाल मला मान्य नाही, उद्या पुन्हा पट्ट्या बुडवायच्या, माझ्यासमोर कोरा कागद आणि नवी पेन्सिल. व्यापारी म्हणाला, दुसरी परीक्षा तर व्हायचीच आहे. दुसऱ्या दिवशी मी उपाशीपोटी आले, संध्याकाळपर्यंत बसले आणि ठामपणे दोन नंबर म्हणाले. बागेची एक नंबर होती.

मी उठून तिन्ही पट्ट्या पुन्हा एकेक करून नाकाशी नेल्या. कान तापले होते. बावीस वर्षांचं नाव असं दोन दिवसांत गेलं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. ह्या सगळ्यातून काय निष्पन्न झालं ते माझ्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. मी काकांना म्हणत होते, “नवी पेन्सिलसुद्धा धड धरता येत नाही तुम्हाला.”

तेवढ्यात दारात धाकटा दिसला. आल्या आल्या तो व्यापाऱ्याकडे वळला. “तिने माझ्यासाठी केलं असेल तर मला नको,” तो म्हणाला. “मी सरळ सांगतो.”

व्यापाऱ्याने माझ्याकडे बोट केलं. मी एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात काकांची बाही धरून उभी होते.

“मुद्दाम हरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत,” तो म्हणाला. “ती अशी भांडत नाहीत.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. आधी त्याचे खांदे हलले, मग तो हसायला लागला, दाराची चौकट धरून, खाली वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेरून आत्या ओरडली, “काय झालं रे? मला कोणी सांगेल का?”

“ताई,” तो म्हणाला. दहा दिवसांनी त्याने मला ताई म्हणून हाक मारली होती. “चुकलीस.”

मी काकांची बाही सोडली. पट्टी एकदा नाकाशी नेली. खण उघडला, उबदार, कोरडा, तळाशी मध. रानाचं की बागेचं, मला सांगता येत नव्हतं.

“चुकले,” मी म्हणाले. तो शब्द तोंडातून निघायला बराच वेळ लागला.